अर्धा तोळा, पाचशे मीटर

पहाटे ५.००
करंजा. उरण तालुक्याचं समुद्राकडचं टोक. जुलै महिना. होड्या वर ओढून ताडपत्रीखाली ठेवल्यात. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, त्यामुळे बंदरावर सध्या जाळी विणणारे चार म्हातारे आणि कुत्री एवढंच.

घरात आई आधी उठलेली. आगोटीला भरलेली सुकट, बोंबील, आंबाड निळ्या पिंपात आहेत. झाकण उघडून ती नाक आत घालते. ओल लागली असेल तर वासावरून कळतं. पावसाळाभर हाच माल उरणच्या बाजारात विकायचा. एका पिंपाला बुरशी धरली की महिन्याची कमाई गेली. आज वास ठीक आहे. झाकण लगेच बंद. पिंप गरजेपुरतंच उघडायचं, हा घरचा नियम.

मुलगी न्हाऊन तयार होते. वय २७. आधी इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा, मग बीई. महाप्याला चिप पॅकेजिंगच्या कारखान्यात प्रोसेस इंजिनीअर, नोकरीचं चौथं वर्ष. पावडर नाही, काजळ नाही, अत्तर नाही. पावडरचे कण कारखान्यात चालत नाहीत. टिकली मात्र लावते. ती गेटवर काढायची आणि संध्याकाळी पुन्हा लावायची. पर्समध्ये टिकल्यांचं पाकीट असतं.

तिचं नाव आणि कंपनीचं नाव छापायचं नाही, या बोलीवर दिवसभर तिच्याबरोबर राहायला मिळालं.

पहाटे ५.५०
धाकटा भाऊ स्कूटीवरून उरण स्टेशनला सोडतो. पाऊस तिरपा. तिच्या अंगावर रेनकोट, डबा प्लॅस्टिकच्या पिशवीत, ती पिशवी आणखी एका पिशवीत. आई दारातून ओरडते, "पानी पी गो बाय, दिसभर पीत नायस तू." हे बोलणं रोजचं. त्यामागचं कारण मला आठ वाजता कळलं.

सकाळी ६.४०
लोकल. खारकोपर ते उरण हा टप्पा १२ जानेवारी २०२४ ला सुरू झाला. त्याआधी ती एसटीने किंवा जीपने जायची. जासईच्या पुढे कंटेनरच्या ट्रेलरमागे अडकलं की किती वाजता पोचणार ते देवालाच ठाऊक. आता नेरूळपर्यंत बसून जाता येतं. पण गाड्या मोजक्या आहेत. एक चुकली की पहिल्या शिफ्टचा पंच चुकला.

द्रोणागिरी, न्हावा-शेवा, शेमटीखार. एका बाजूला तिवरं आणि खाजण, दुसऱ्या बाजूला कंटेनरची रास. देशातलं एवढं मोठं बंदर घराला लागून आहे, पण तिच्या कारखान्याला लागणारी मुख्य वस्तू या बंदरातून येत नाही. वेफर तैवानहून विमानाने येतात. एका माणसाला उचलता येईल अशा खोक्यात.

समोरचा प्रवासी तळोज्याचा विषय काढतो. ५ सप्टेंबर २०२४ ला राज्याच्या मंत्रिमंडळ उपसमितीने तिथल्या चिप कारखान्याला मंजुरी दिली होती. अदानी आणि इस्रायलची टॉवर सेमीकंडक्टर, दोन टप्प्यांत मिळून ८३,९४७ कोटी. पुढच्याच वर्षी बोलणी थांबल्याच्या बातम्या आल्या. "मग आमच्या पोराने तो कोर्स केला त्याचं काय?" प्रवासी विचारतो. ती म्हणते, "कोर्स वाया जात नाही काका." आणि खिडकीबाहेर बघायला लागते.

सकाळी ७.४५
नेरूळला गाडी बदलून घणसोली. तिथून शेअर रिक्षा, वीस रुपये. टपरीवर कटिंग, दहा रुपये. हा चहा शेवटचा, कारण पुढचे पाच तास पोटात काही जाणार नाही. शेजारी एक ऑपरेटर सिगारेट विझवतो आणि घड्याळ बघतो. सिगारेटनंतर अर्धा तास क्लीनरूममध्ये शिरायचं नाही. ओढणाऱ्याच्या श्वासातून कण येत राहतात. सुपरवायझर वास घेऊन परत पाठवतो.

सकाळी ८.०५
गेट. मोबाईल लॉकरमध्ये. टिकली काढली. अंगठी नाही, बांगडी नाही, दोरा नाही. मनगटावरचा देवीचा दोरा तिने पहिल्याच महिन्यात काढला. आईला सांगितलं नाही.

मग चढवाचढव. आधी केसांची जाळी. मग डोक्यापासून खांद्यापर्यंतची टोपी, मास्क, पायघोळ सूट, गुडघ्यापर्यंतचे बूट, शेवटी हातमोजे. वरून खाली हा क्रम ठरलेला, म्हणजे झटकलेली धूळ खालच्या स्वच्छ कपड्यावर पडत नाही. मग एका पट्टीवर उभं राहून बटण दाबायचं. हिरवा दिवा लागला म्हणजे बूट आणि मनगटपट्टा अंगातली स्थिर वीज जमिनीत सोडतायत. आपल्याला दाराच्या कडीला बसतो तो चटका चिपचा जीव घेतो. शेवटी हवेच्या झोतांची खोली. या सगळ्याला आठ मिनिटं लागतात.

म्हणून पाणी कमी. लघवीला जायचं तर सगळं उतरवा, पुन्हा सगळं चढवा. जाऊन-येऊन वीस मिनिटं मोडतात. मशीन थांबलेलं असताना वीस मिनिटं कोण काढणार? आत बऱ्याच मुली काम करतात. सगळ्यांचा हिशेब हाच. कंपनीच्या डॉक्टरने भिंतीवर "पाणी प्या" असा कागद लावलाय. आठ मिनिटांचं काय करायचं ते त्या कागदावर नाही.

सकाळी ८.२०
मलाही सूट दिला. आत २२ अंश आणि आर्द्रता पन्नास टक्क्यांच्या आत. बाहेर जुलै. सूटच्या आत तिने स्वेटर घातलाय. इथल्या हवेत अर्ध्या मायक्रॉनचे आणि त्याहून मोठे कण घनमीटरला ३,५२,००० च्या आत ठेवायचे असतात. आकडा ऐकून मी दचकलो, तर ती हसली. आपण करंज्याच्या धक्क्यावर एका श्वासात किती घेतो याचा मग मी विचारच केला नाही.

रात्रपाळीचा इंजिनीअर डोळे चोळत वही पुढे करतो. पहाटे तीनच्या सुमाराला वीज मिचकली. सेकंदाचाही भाग नसेल. यूपीएसवरची मशीनं तगली, चिपला तारा जोडणारे दोन बॉन्डर मात्र बंद पडले. पुन्हा चालू करून सेटिंग जुळवेपर्यंत उजाडलं. तीन नंबरवर "नॉन-स्टिक" येतंय. वहीत त्याखाली दोन रेघा मारल्यात.

सकाळी ८.४०
आधी रोजचं काम. उणे चाळीस अंशांच्या फ्रीजरमधून चांदीमिश्रित डिंकाच्या सिरिंज बाहेर काढायच्या. चिप तांब्याच्या पट्टीवर चिकटवायला हा डिंक लागतो. सिरिंज उभी ठेवून तास-दीड तास थांबायचं. घाईने टोपण उघडलं तर हवेतली वाफ आत जमते, आणि मग भट्टीत चिपखाली बुडबुडा होतो. सिरिंजवर दव जमतं. ती ते कोरड्या कापडाने पुसते, वेळ लिहून चिकटपट्टी लावते. उघडल्यावर हा डिंक चोवीस तास चालतो. उरलेला फेकायचा.

सकाळी ९.००
तीन नंबरचा वायर बॉन्डर. आकाराने लहान कपाटाएवढा. खरं काम होतं ती जागा नखाएवढी.

वेफर म्हणजे सिलिकॉनची गोल चकती. तिचे तुकडे आधीच झालेत. केसाच्या निम्म्या जाडीचं हिऱ्याचं पातं मिनिटाला तीस हजार फेऱ्यांनी फिरवून ते कापतात. प्रत्येक तुकडा म्हणजे एक चिप. पट्टीवर ती चिकटली की तिच्या कडेचे ॲल्युमिनियमचे चौकोन आणि पट्टीची बोटं यांच्यामध्ये तार ओढायची. ती तार सोन्याची, जाडी २५ मायक्रॉन. डोक्याचा केस साधारण ७० मायक्रॉनचा असतो.

तार सिरॅमिकच्या बारीक सुईतून खाली येते. ठिणगी पडते, टोक वितळून गोळा होतो. सुई खाली येऊन तो गोळा चौकोनावर दाबते. खालून उष्णता, वरून कानाला न ऐकू येणारी थरथर, आणि सोनं ॲल्युमिनियमला धरतं. सुई कमान काढत पलीकडे जाते, दुसरं टोक दाबते, तार तोडते. पुन्हा ठिणगी. सेकंदाला असे पंधरा टाके. शिलाई मशीन पाहिलेल्या माणसाला हे लगेच कळतं. फरक इतकाच, की इथे टाका डोळ्याला दिसत नाही.

रीळ तळहातात मावतं. त्यावर ५०० मीटर तार असते. वजन भरतं पावणेपाच ग्रॅमच्या आत-बाहेर. म्हणजे अर्धा तोळासुद्धा नाही. आईला हे सांगितल्यावर ती म्हणाली होती, "मंग कानातलं एक केलं तर करंज्यापासून उरणपर्यंत तार जाईल गो!" इतकी जाणार नाही. पण बंदरापासून घरापर्यंत जाईल.

आजचा लॉट ४,००० नगांचा. एका नगाला ३२ तारा. म्हणजे १,२८,००० टाके आणि अडीचशे मीटर सोनं. हे नग पुढे वीजमीटर आणि एलईडी दिव्यांत जातात. बॉन्डर २६० नगांवर थांबलाय. पडद्यावर लाल चौकट: गोळा चौकोनाला धरत नाही.

सकाळी १०.१०
सगळ्यात स्वस्त कारण आधी तपासायचं, हा तिचा क्रम. सुई बदलली. जुन्या सुईचे सहा लाख टाके झाले होते, तेवढ्यात ती बाद व्हायला नको होती. नवीनवरही तेच. तापमान मोजलं, बरोबर. थरथरीची ताकद, बरोबर. ऑपरेटर मुलगी बाजूला उभी, बोटं एकमेकांत अडकवून. बारावी झालेली, कंत्राटदाराकडून आलेली. हातात सोळा-साडेसोळा हजार पडतात. "मॅडम, मी काही हात लावला नाही." "माहितीये. तू बस."

हात लावणं इथे मोठा गुन्हा. बोटावरच्या घामात मीठ असतं. मिठातला क्लोराइड ॲल्युमिनियम खातो. सोडियम चिपच्या आत शिरला तर ती महिन्या-दोन महिन्यांनी विनाकारण वेडी वागायला लागते. उरणला पिढ्यान्‌पिढ्या मिठागरं होती. तिच्या आज्याने मिठागरात काम केलंय. ती आठ तास मीठ बाहेर ठेवण्याचा पगार घेते.

सकाळी ११.२०
सूक्ष्मदर्शक. मान पुढे, पाठ वाकलेली, दोन्ही कोपरं टेबलावर. वीस मिनिटं हलायचं नाही. तिला मानेचा पट्टा लागतो, पण तो सूटच्या आत बसत नाही, म्हणून घरी लावते.

मग ओढून बघायची चाचणी. तारेखाली बारीक आकडा अडकवतात आणि वर खेचतात. किती ग्रॅमला तुटली ते मशीन सांगतं. या जाडीच्या सोन्याच्या तारेला अमेरिकी लष्करी मानकाप्रमाणे निदान ३ ग्रॅम सोसायला हवेत. चांगल्या दिवशी इथे आठ-नऊ येतात. आज २.१. मग २.४. मग १.८.

आकड्याइतकंच महत्त्व कुठे तुटली याला. तार मधेच तुटली तर उत्तम, कारण दोन्ही सांधे तारेपेक्षा घट्ट आहेत. गोळा चौकोनावरून उखडला तर वाईट. आज सगळे गोळे उखडतायत. चौकोनावर काहीतरी बसलंय.

दुपारी १२.४५
कँटीन. डाळ, भात, दुधीची भाजी, ताट पंचवीस रुपये. ती तीन ग्लास पाणी एका दमात पिते. डब्यात सुकटीची चटणी आणि तांदळाची भाकरी. डबा उघडल्यावर पलीकडच्या टेबलावरचा एक जण उठून लांब बसला. तिने पाहिलं आणि भाकरी मोडली.

मॅनेजर येऊन बसतात. त्यांच्या तरुणपणी भारतात चिप म्हणजे मोहाली. १९८४ ला तिथे उत्पादन सुरू झालं आणि १९८९ च्या फेब्रुवारीत आगीत कारखाना गेला. ते तेव्हा कॉलेजात होते. "आम्ही सगळे मग सॉफ्टवेअरला पळालो," ते म्हणतात. ते स्वतः वीस वर्षं मलेशियात पेनांगला होते. भाकरीचा तुकडा मागून घेतात. चटणीही.

दुपारी १.२०
उत्तर वहीत होतं.

बॉन्डिंगच्या आधी पट्ट्या आर्गॉनच्या प्लाझ्मात घालतात. निर्वात पेटीत जांभळा उजेड पडतो, आर्गॉनचे कण चौकोनावरची घाण अणू-अणूने झोडतात. त्यानंतर चार तासांच्या आत तारा ओढायच्या, ही इथली मर्यादा. उशीर होणार असेल तर पट्ट्या नायट्रोजनच्या कपाटात ठेवायच्या. रात्री एक वाजता प्लाझ्मा झाला. तीन वाजता वीज मिचकली. बॉन्डर चालू झाला सव्वासहाला. मधले सव्वातीन तास पट्ट्या बॉन्डरच्या तोंडाशी, उघड्यावर. कपाटात ठेवायला कोणी मोकळं नव्हतं. रात्रपाळीला दोन माणसं आणि सहा मशीनं.

म्हणजे प्लाझ्मापासून पाच तासांहून जास्त. चौकोनावर पुन्हा थर बसला. दिसत नाही, पण सोन्याला कळतो.

ती बांधून झालेले २६० नग बाद करते. उरलेले पुन्हा प्लाझ्मात. पंचवीस मिनिटं. त्या वेळात ती भिंतीला पाठ टेकून उभी राहते. खुर्ची आहे, पण बसली की मान आखडते म्हणते.

दुपारी २.१५
पहिल्या पट्टीची चाचणी. ८.३. ८.९. ७.८. तारा मधेच तुटतायत. अजून पाच. सगळ्या मधेच. ती अंगठा दाखवते, ऑपरेटर मुलगी हिरवं बटण दाबते. मास्कमुळे चेहरे दिसत नाहीत. मुलीचे खांदे तेवढे खाली आले.

दुपारी २.५०
पॅकिंग विभाग. इथे तिला रोज एकदा यावं लागतं. तारा ओढलेल्या चिपवर काळं आवरण चढतं. वाळूसारख्या सिलिकाने भरलेली राळ १७५ अंशांना दाबून भरतात, मग त्याच तापमानाच्या भट्टीत काही तास भाजतात. वरून दगड वाटतो. तरी ती राळ ओल पिते. सावकाश, पण पिते. गिऱ्हाईक जेव्हा हा नग सर्किटवर डाखतं तेव्हा तापमान २६० पर्यंत जातं. आतल्या ओलीची वाफ होते आणि आवरण तडकतं. धंद्यात याला पॉपकॉर्न म्हणतात. जगात कुठेही जा, हाच शब्द.

म्हणून नग १२५ अंशांना भाजून कोरडे करतात. ॲल्युमिनियमच्या पिशवीत, सोबत ओल शोषणारी पुडी आणि रंग बदलणारं कार्ड. पिशवी हवा ओढून बंद. वर छापलेलं असतं: उघडल्यावर १६८ तासांत वापरा. ती कार्डाचा ठिपका बघते. आठवड्याला एक पिशवी फोडून तपासायची असते, फोडलेल्या पिशवीचा माल पुन्हा भाजायचा. पिंपाचं झाकण आईच्या हाती, पिशवीचं हिच्या. हे मी बोलून दाखवलं तर म्हणाली, "आईच्या नाकावर माझा जास्त विश्वास आहे."

दुपारी ३.३०
सोन्याचा हिशेब. तुटक्या तारा, चाचणीत उपटलेल्या, रिळाच्या शेपट्या, सगळं चिमट्याने उचलून काचेच्या बाटलीत. बाटलीला कुलूप. दर शुक्रवारी दोघांच्या सह्यांनी वजन. आज बाटलीत २.६ ग्रॅम. बाद झालेल्या २६० नगांतलं सोनं वेगळ्या डब्यात, तेही लिहायचं. सोन्याचा भाव चढला की मुख्य कार्यालयातून फोन येतो: तांब्यावर कधी जाताय?

तांबं स्वस्त, पण हट्टी. गोळा होताना गंजतं, म्हणून टोकाशी हायड्रोजनमिश्रित नायट्रोजन सोडत राहायचा. सोन्यापेक्षा कडक, जास्त दाबलं तर खालची चिप तडकते. दोन बॉन्डर तांब्यावर गेलेत. ते बसवायला तिला पाच महिने लागले. त्याचं बक्षीस म्हणून पाच हजार रुपये आणि एक प्रमाणपत्र मिळालं. प्रमाणपत्र घरी टीव्हीच्या वर आहे.

सायंकाळी ४.४०
अहवाल. "कारण" या रकान्यात रात्रपाळीच्या मुलाचं नाव लिहिता येतं. पट्ट्या कपाटात न ठेवल्याबद्दल. तो कंत्राटी आहे. नाव गेलं की पुढच्या महिन्यात दिसत नाही. ती लिहिते: "वीजपुरवठ्यातील व्यत्ययानंतर प्लाझ्माची वेळमर्यादा ओलांडली गेली. उपाय: प्रतीक्षेतील पट्ट्यांसाठी बॉन्डरजवळ नायट्रोजनचं छोटं कपाट." कपाटाची किंमतही लिहिते, आणि त्याखाली २६० नगांची. दुसरा आकडा मोठा आहे. मॅनेजर वाचतात, सही करतात. नाव कुठे आहे, असं विचारत नाहीत.

हे खरं इंजिनीअरचं काम, असं माझं मत झालं. सुई बदलणं कोणालाही शिकवता येईल.

सायंकाळी ५.५०
शिफ्ट साडेचारला संपते. ती सव्वापाचला बाहेर आली. जादा वेळेचे पैसे इंजिनीअरला मिळत नाहीत, ऑपरेटरला मिळतात. टिकली लावली. गेटबाहेर वडापाव, वीस रुपये. चालता चालता संपवला. रिक्षा, घणसोली, नेरूळ. परतीच्या गाडीत ती उभी झोपते. मी तसं झोपणारे लोक पाहिलेत, पण मानेला आधार न देता झोपणारी ही पहिलीच.

रात्री ८.१०
करंजा. आई बाजारातून आलीये. आज सुकटीचे वाटे बरे गेले, ओल्या मासळीचा तोटा असल्यामुळे. पन्नासचा वाटा. वडील होडीच्या इंजिनाचं काही तरी उघडून बसलेत. १ ऑगस्टला समुद्र खुला होईल, त्याआधी तेल, बर्फ, खलाशांची उचल, सगळ्याला पैसे लागतात. मुलीच्या पगारातले पंधरा हजार घरात येतात. या महिन्यात वीस गेले.

रात्री ९.१५
जेवणं झाली. ती वहीच्या मागच्या पानावर बेरीज दाखवते. साणंदहून नोकरीचा मेल आलाय. गुजरातेत तिथे एकामागून एक चिप पॅकेजिंगचे कारखाने उभे राहतायत. तिच्या बॅचचे तिघे आधीच गेले.

इथे हातात ३६,०००. पास, रिक्षा, चहा-नाश्ता, जेवणाचं ताट मिळून २,८०० जातात. उरतात ३३,२००. तिथे ४८,०००. खोलीचा अर्धा वाटा ७,०००, मेस ४,५००, रोजचं जाणं-येणं १,५००, आणि घरच्या खेपांचे सरासरी १,५००. उरतात ३३,५००.

फरक तीनशे रुपयांचा.

"तीनशेसाठी कोण जाईल?" वडील इंजिनातून डोकं वर न काढता म्हणतात.

आईचं मत वेगळं. "पैशाचं सोड गो बाय. तिथं शिकायला काय हाय ते सांग."

यावर ती थांबते. तिथे शंभर बॉन्डर असतील, एकदम नवे. पण तिच्या वाट्याला फक्त बॉन्डर. वर्षानुवर्षं तारा. इथे सहाच मशीनं, त्यातली दोन जुनी, पण डिंकापासून पिशवीपर्यंत सगळं तिच्या हातचं. मोठ्या ठिकाणी काम केल्याचा शिक्का पुढे तैवानला, मलेशियाला चालतो. छोट्या ठिकाणचा चालतो की नाही, मॅनेजरांनाही नक्की सांगता आलं नाही.

मानेचा पट्टा लावून ती वही मिटते. मेलला उत्तर द्यायची मुदत सोमवारपर्यंत आहे. आज शुक्रवार, आणि उद्या तिची पहिली शिफ्ट.